न दिलेल्या तीन बाटल्या

टाळेबंदीच्या वर्षीचं एक रजिस्टर आमच्या केंद्राच्या लोखंडी कपाटात अजून असेल. पुठ्ठ्यावर जिल्ह्याचं जुनं नाव आहे. त्यातल्या एका ओळीत लिहिलंय, 'तीन महिन्यांचे औषध पोहोच केले.' अक्षर माझं, सही माझी. ती ओळ खोटी आहे.

हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं मी पाच वर्षं समजत होतो. तेही खरं नव्हतं, पण ते पुढं येईल.

मी औषधं देणारा माणूस. सरकारी दवाखान्याच्या खिडकीमागं जन्म गेला. निवृत्तीनंतर, एचआयव्ही झालेल्यांना फुकट औषध मिळतं त्या केंद्रात कंत्राटावर लागलो. माणसं दर महिन्याला यायची, बाटली घ्यायची आणि मागं न बघता जायची. सोनारीकडची माणसं जवळच्या परंड्याला थांबायची नाहीत, लोहाऱ्याकडची लोहाऱ्याला. सगळ्यांना जिल्ह्याचं ठिकाणच हवं असायचं, कारण तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही. निम्मे जण गावाचं नाव खोटं सांगायचे. बायका माहेरचं गाव लिहायच्या, पुरुष बाजाराचं. फोन नंबर तेवढा खरा. आम्ही काही न बोलता लिहून घ्यायचो.

बाटली प्लॅस्टिकची, तीस गोळ्यांची. ती चालताना वाजते. एसटीत मांडीवर पिशवी धरली तरी खड्ड्यागणिक खुळखुळते, आणि शेजारचा विचारतो, काय हाय ओ त्यात? म्हणून मी प्रत्येक बाटलीत बोटभर कापूस कोंबून द्यायचो. एका म्हाताऱ्यानं मागितला होता, तेव्हापासून सगळ्यांनाच घालायला लागलो. देताना एक वाक्य ठरलेलं होतं. "रोज एक. एकही दिवस चुकवायची नाही. चुकली की आजार गोळीला ओळखायला लागतो, मग ती गोळी चालत नाही." हे वाक्य मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा बोलायचो.

मग सगळं बंद झालं. एसटी थांबली. आमच्याकडं रक्त तपासणारा होता, त्याला करोनाच्या नमुन्यांच्या कामाला नेलं आणि तपासणीच्या खोलीला कुलूप लागलं. आमच्या समुपदेशक बाई तेव्हा पस्तिशीच्या असतील. त्या थेट वरच्या साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, गरोदर बाया थांबणार नाहीत. त्यांची तपासणी राहिली तर पोटातल्या लेकराला आपण हातानं आजार दिल्यासारखं होईल." आठवड्यातून दोन दिवस खोली उघडली. ते त्यांच्यामुळं.

प्रश्न औषधांचा होता. माणसं येऊ शकत नव्हती, मग औषधानं जायचं असं ठरलं. कुणी जायचं? साठीच्या पुढच्यांनी घरी बसावं असा आदेश होता. मी त्रेसष्टचा, वर मधुमेह.

साहेब म्हणाले, "काका, तुम्हाला साखर आहे."

"साखर मला आहे आणि गाडीपण मलाच आहे, साहेब."

सगळे हसले. बाई म्हणाल्या, "काका, हिरो व्हायला निघालाव का?"

"हिरो कशाचा, पोस्टमन म्हणा."

मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. घरी बायको दम्याची. ती रोज दारात बादली आणि साबण ठेवून मला शिव्या द्यायची, आणि त्या शिव्यासुद्धा मला गोड लागायच्या.

कामाची पद्धत अशी बसली. बाई फोन करून जागा ठरवायच्या. घरी कुणाच्याच जायचं नाही. बेंबळीच्या अलीकडं एका विहिरीवर, कुठं दूध डेअरीच्या मागं, कुठं स्मशानाच्या शेडमध्ये. तीन-तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम द्यायच्या. संध्याकाळपर्यंत साठ्याचा आकडा वर कळवावा लागे आणि मला परतायला उशीर होई. म्हणून मी सकाळी निघतानाच त्या दिवशीच्या सगळ्या नावांपुढं 'पोहोच केले' असं लिहून निघायचो. कुणी भेटलं नाहीच, तर दुसऱ्या दिवशी ओळ खोडायची आणि बाटल्या साठ्यात परत घ्यायच्या. दोनदा तसं केलंही. ही पद्धत माझी. कुणी सांगितली नव्हती, कुणी हरकत घेतली नव्हती.

ती खोटी ओळ जिच्या नावापुढं आहे, ती बाई माकणीच्या धरणाच्या अंगाच्या एका गावची. नवरा काविळीनं गेला असं गावाला माहीत होतं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिचा आजार कळला असता तर तिच्या हातची खिचडी एकाही पोरानं खाल्ली नसती, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही. दर महिन्याला डोळे दाखवायला जाते म्हणून सांगून यायची. घरात फक्त तिच्या मुलीला ठाऊक होतं. भूकंपानंतर वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं. या टोकाला परका माणूस शिरला की त्या टोकाला दिसतो. म्हणून तिनं गावाबाहेरचा कालव्याचा पूल सांगितला. "मी शेळ्या घेऊन थांबते म्हणावं. कुणी इचारलं तर शेळ्याचं जंताचं औषध हाय म्हणायचं." तिच्याकडं चारच गोळ्या उरल्या होत्या.

मी साडेदहाच्या सुमाराला पोचलो. आधल्या आठवड्यापर्यंत गावाची नाकाबंदी वेशीजवळ होती. त्या दिवशी ती पुलाच्या अलीकडं आली होती. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या, बाजूला लिंबाखाली पाच-सहा जण तोंडाला गमछे बांधून बसलेले, एकाच्या हातात वही. फांद्यांच्या पलीकडं शंभरेक पावलांवर पूल. पुलावर तीन शेळ्या, आणि पाठमोरी उभी राहिलेली ती.

"कुठून आलाव, काका?"

"उस्मानाबादहून."

"मंग तर आलाव तसंच जावा. तिथं पेशंट निघालाय म्हणं."

मी म्हणालो, "शेळ्यांचं औषध द्यायचंय. लगेच निघतो."

"कुणाच्या शेळ्या? नाव सांगा, लिवून घेतो."

नाव कसं सांगणार? मी म्हणालो, "असंच, कुणाला हवं असेल तर."

वहीवाला हसला. "आरं, ह्यो तर फिरता डाक्टर हाय. माणसं मरायलीत अन् ह्याला शेळ्याच्या जंताची काळजी." बाकीचे हसले. एक जण उठला. "पिशवी उघडा बरं. काय औषध हाय ते बघू द्या."

पिशवीत तिच्या तीन बाटल्या होत्या, इंग्रजी लेबल असलेल्या. त्या माणसांतल्या एकालाही ते वाचता येईल असं नाही, पण फोटो काढून कुणाला दाखवायला किती वेळ लागतो? मी पिशवी पोटाशी धरली. रस्त्याची धूळ घशात गेली होती. मला खोकला आला. दोनदा, तीनदा.

"आरं खोकलालाय म्हातारा! मागं व्हा, मागं व्हा!"

एकानं बाभळीची फांदी उचलून माझ्या गाडीसमोर धरली. "निघ इथून. बापाच्या वयाचा हायेस म्हणून हात लावला न्हाय."

मी गाडी वळवली.

इथपर्यंत जे झालं त्याबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही. पिशवी उघडली असती तर तिचं वाटोळं झालं असतं. पण कालव्याच्या कडेनं बैलगाडीची एक वाट पुलाखाली जाते, हे मला माहीत होतं. येताना मी ती पाहिली होती. पाव-अर्धा किलोमीटर मागं जाऊन त्या वाटेनं चालत आलो असतो तर ती भेटली असती. मी वाटेच्या तोंडाशी गाडी उभी केली. पाच मिनिटं उभा राहिलो. ऊन होतं, मला खोकला येत होता, आणि त्या माणसाचं 'निघ' डोक्यातून जात नव्हतं. आयुष्यात मला कुणी अरेतुरे करून हाकललं नव्हतं. उद्या येऊ, असं म्हणून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला.

नमुना घेतला, घरात वेगळ्या खोलीत बसवलं. बायको दाराबाहेर ताट ठेवून माजघरात बसून रडायची. तीन बाटल्या गाडीच्या डिकीतून काढून मी खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. रजिस्टरातली ओळ खोडायची राहिली होती. चौथ्या दिवशी समुपदेशक बाईंचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "काका, एक विचारायचं होतं. ती शाळेतल्या खिचडीवाली म्हणते की तिला औषध मिळालं नाही. रजिस्टरात तर तुमची नोंद आहे. दिलंत ना?"

मी म्हणालो, "दिलं."

तो एक शब्द का बोललो, याचा मी पाच वर्षं विचार केला आहे. तापाचं निमित्त सांगता येईल, पण ताप उतरला होता. खरं हे की भिऊन परत आलो, असं मला त्यांना सांगवेना. त्यांनी मला हिरो म्हटलं होतं. शिवाय मी मनाशी म्हणालो, आठ दिवसांत बरा होईन, गुपचूप नेऊन देईन, कुणाला कळणार नाही.

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "जास्तीच्या गोळ्या मागत असेल. दीर-जावेपासून लपवताना हरवल्या असतील, आता खोटं बोलते."

माझा अहवाल चांगला आला. तरी बायकोनं आणि साहेबांनी मिळून मला महिनाभर बाहेर सोडलं नाही. त्या महिन्यात मी एकदा माझ्या फोनवरून तिला फोन लावला. फोन बंद लागला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

पुन्हा कामावर गेलो तेव्हा औषधं पोचवायला दुसरी माणसं नेमली होती. मी कार्यालयात बसलो. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की आमच्या केंद्रातला एकही माणूस औषधावाचून राहिला नाही. साहेबांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली लावलं. त्या काचेवर मी रोज चहाचा कप ठेवायचो.

एसटी सुरू झाल्यावर ती आली. मी खिडकीतून पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, पदर तोंडाशी धरून खोकत होती. बाईंनी तिला आत घेतलं, आणि मलाही बोलावलं. साक्षीदार म्हणून.

बाई तशा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "तीन महिन्यांचं औषध घरात असताना ही अवस्था? मला फोनवर तीनदा सांगितलंत, मिळालं नाही म्हणून. हे बघा, हे काका. या वयात, साखर असताना, उन्हातान्हात तुमच्यासाठी आले. यांच्यावर आळ घेताना काही वाटलं नाही?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टरकडं पाहिलं. खोलीत पंखा होता, तो कुरकुरत होता. मी एवढंच म्हणायचं होतं, बाई, थांबा. दोन शब्द.

ती म्हणाली, "चुकलं माजं, म्याडम. न्हाय घेतल्या."

"मग गेल्या कुठं?"

"फेकल्या. कालव्यात."

बाईंनी ते तिच्या फाइलीत लिहिलं. गोळ्या घेण्यात हलगर्जी, औषध फेकले. मग तिच्या मुलीला फोन लावून बजावलं, की यापुढं आईनं प्रत्येक गोळी तुझ्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. जिभेखाली बघायचं. ऐकलं नाही तर मला कळवायचं.

तिला टीबी निघाला. जुनी गोळी चालेनाशी झाली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तपासण्या होऊन सेकंड लाइनची, म्हणजे दुसऱ्या फळीची औषधं सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. खोकणाऱ्या बाईला शाळेनं खिचडीला ठेवलं नाही. ती वाचली. पण तिचं ते एक काम होतं, ते गेलं.

माझं कंत्राट संपलं त्या दिवशी शाल, नारळ आणि करोनाकाळातल्या सेवेचं प्रमाणपत्र मिळालं. बायकोनं ते भिंतीवर लावलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. प्रमाणपत्राला तिनं घातलेला प्लॅस्टिकचा हार अजून आहे.

हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात एक लहानशी गोष्ट झाली. माझी साखरेची गोळी मी सकाळी घेतली होती. सूनबाईनं डबी बघितली आणि म्हणाली, "बाबा, आज घेतली नाहीत." मी म्हणालो, घेतली. ती म्हणाली, "रोजचंच झालंय तुमचं. घेत नाही आणि घेतली म्हणता." मी भांडं आपटलं. इतका ओरडलो, की शेजारचे दारात आले. गोळी घेतली असताना न घेतल्याचा आळ! ओरडता ओरडता माझा आवाज बसला, आणि मी कपाटाचा खालचा कप्पा उघडून समोर बसलो. तीन बाटल्या तशाच होत्या. हलवून पाहिल्या. कापूस घट्ट होता, आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घेऊन केंद्रात गेलो. समुपदेशक बाई अजून तिथंच आहेत. चष्मा लागलाय. मला बघून खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. मी बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. चहा आला, तो तसाच राहिला.

बाईंनी एकेक बाटली उचलून तारीख वाचली. मग म्हणाल्या, "मी तिला खोटारडी म्हणाले, काका."

"मला माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. एकदा ती फोनवर रडत होती आणि मी फोन ठेवला."

त्यांनी मला कोरा कागद दिला. मी लिहून दिलं. औषध पोचलंच नव्हतं, नोंद माझी, खोटी. डॉक्टरांनी सही केली, तो कागद तिच्या फाइलीला लागला, बाटल्या पाकिटात बंद झाल्या. मी विचारलं, तिला तुम्ही सांगाल का? बाई म्हणाल्या, "नाही. मी तिला फक्त विचारीन, तुम्ही आलेलं चालेल का. बाकी तुमचं तुम्ही."

फोनवर ती काय म्हणाली ते बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. "येऊ द्या की. शेळ्याचं औषध घेऊन आलोय म्हणा म्हणावं."

आता गाडी चालवत नाही. एसटीनं गेलो, फाट्यावरून चालत. कालव्याचा पूल तसाच आहे. तिच्या अंगणात बाजेवर बसलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मुलगी आत शिवणयंत्रावर होती. ती स्वतः माझ्यासमोर जमिनीवर बसली, तांदूळ निवडत.

मी घसा खाकरला, तशी ती म्हणाली, "पाणी घ्या आधी. तुमचा खोकला लई वाईट."

मग कळलं मला. "तुम्ही पाहिलं होतं."

"पुलावरूनच तर बघायले होते. तुमची गाडी वळली, त्या गाडीवाटंपशी थांबली, अन् गेली. म्हटलं, येतेत. सांच्यापतूर शेळ्या घरी नेल्या न्हाईत म्या."

"मग त्या दिवशी खोलीत बोलला का नाही? मी समोर होतो."

तिनं एक खडा बाजूला टाकला. "म्याडम तुमचं ऐकणार का माजं? अन् समजा ऐकलं असतं, तर दुसऱ्या महिन्याला खिडकीत तुमीच बसणार. गोळी देणाऱ्याशी भांडून जगता येतंय व्हय?"

मी हात जोडले. तिनं माझ्या हातांकडं बघितलं नाही. म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. फाइलीत काय लिवलं त्येबी ऱ्हाऊ द्या, मला वाचता येत न्हाय. पोरीला सांगा. तिच्या तोंडावर सांगा, माज्यासमोर."

तिनं हाक मारली. मुलगी चहा घेऊनच बाहेर आली. "तुमच्यात साखर टाकली न्हाय, काका. आई म्हणली तुमाला चालत न्हाय." मी कप हातात घेतला आणि सांगितलं. पूल, फांद्या, गाडीवाट, ताप, 'दिलं' हा शब्द. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी निमित्त सांगितलं असतं.

मुलगी उभीच होती. तिनं आईकडं पाहिलं. "तू मला बोलली का न्हाईस?"

"तू तरी कुठं ऐकत होतीस? म्याडमचा फोन आलता तुला."

मुलगी माझ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता. "पाच वर्सं मी हिचं तोंड बघायले. रोज, दोन वेळा. लेकरावाणी. एकदा लगीनघरात, पाव्हण्यात, मोरीत नेऊन बघितलंय." मग म्हणाली, "चहा घ्या अन् निघा. शेवटची गाडी सव्वासहाला हाय."

मी चहा संपवला. फिका होता. उठताना पायात गोळा आला, म्हणून बाजेला धरून थोडा थांबलो. घरातल्या फोनचा गजर वाजला. ती औषधाची वेळ असणार. मुलीनं आतून गोळी आणि तांब्या आणून आईपुढं ठेवला. आईनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, आणि सवयीनं मान वर करून तोंड उघडलं.

मुलगी पाठ फिरवून आत गेली. यंत्र सुरू झालं.

ती तशीच क्षणभर बसली. मग तोंड मिटलं, आणि सूप पुढं ओढलं. मी फाट्याकडं चालू लागलो.